साहेब आत आहेत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, कारण मी हे अगदी गंभीरपणे सांगणार आहे. चहा गार झाला तरी चालेल, पण मधेच "मग पुढे काय झालं?" असं विचारायचं नाही. पुढे जे झालं ते अजून चालूच आहे. माझ्याच घरात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच वकील झालेलो. आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यातला पहिला वकील! आईने मार्केटात मासळी विकून शिकवलेलं, आणि मी फोर्टातल्या एका भल्यामोठ्या सॉलिसिटर फर्ममध्ये चिकटलेलो. चिकटलेलो म्हणजे कच्चाच. पुढे ठेवायचं की नारळ द्यायचा, हे सबनीस साहेबांच्या हातात.

आता वकील म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोर्ट येणार. विसरा. आमच्या फर्मने कंपन्या विकून द्यायच्या, घेऊन द्यायच्या, आणि आम्ही ज्युनियरांनी त्यांचे कागद वाचायचे. आईला हे कधी पटलंच नाही. "कोर्टान जात नाय तं कसला वकील रं तू?"

या फर्मचा एक कायदा होता, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. साहेब उठल्याशिवाय ज्युनियरने उठायचं नाही. काम संपलं? बसा. काम नाहीच? मग तर नक्की बसा, आणि पानं उलटत राहा. हे मला मिहीरने शिकवलं. मिहीर माझ्याहून वर्षभर सीनियर, मलबार हिलचा, झोपतानाही टाय सोडत नसावा.

"बॉस, इथे काम कोण करतो ते कोणी बघत नाय," तो म्हणाला. "कोण बसलाय, ते बघतात."

मी बसायला लागलो.

आणि नेमकं त्याच काळात आईने माझ्यासाठी मुलगी शोधली. वैशाली. वर्तकनगरात राहणारी, आपल्यातलीच, शाळेत शिकवणारी. खरं सांगू? मला ती आधीच आवडलेली. एका हळदीत पाहिलेलं तिला. नाचून दमलेल्या म्हाताऱ्यांना सरबत देता देता सगळ्यांची खेचत होती. मी लांबूनच पाहिलं आणि कामातून गेलो.

पण बघायला जायचं कसं? पहिल्या शनिवारी साहेब उठलेच नाहीत. दुसऱ्या वेळी साहेब उठले, उभे राहिले, आळस दिला आणि परत बसले. वर्तकनगरात दोन्ही वेळा पोहे मुलाविनाच संपले.

वैशालीचे वडील म्हणजे मिलिटरी शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी निरोप धाडला, "आता तिसरी आणि शेवटची वेळ. तेव्हाही मुलगा दिसला नाही, तर मुलगा नाहीच असं आम्ही समजू."

तेव्हा आमचं काम शहाडला चालू होतं. तिथला एक केमिकलचा कारखाना परदेशी कंपनी घेत होती, म्हणून आम्हाला त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये नेऊन बसवलेलं. मुलीकडचे भले. वैशालीचे मामा कल्याणला राहायचे, तर त्यांच्याकडेच कार्यक्रम ठेवला. शनिवारी चार वाजता. शहाडहून कल्याण किती ते? रिक्षात बसून घाम पुसेपर्यंत आलंच! आता चुकण्यासारखं काही उरलं होतं का, तुम्हीच सांगा.

उरलं होतं.

साहेबांना मॅनेजरची केबिन दिलेली, आमच्या खोलीला लागून. मधल्या दाराला धुरकट काच. त्या काचेतून साहेब दिसायचे ते एक काळपट आकृती म्हणून. खांदे, डोकं, हात. मे महिना, शहाडचा उकाडा, पण साहेब सुटातच.

त्या दिवशी जेवणानंतर आम्ही जागेवर आलो तर साहेब आपले बसलेले. तीन वाजले. साहेब बसलेले. साडेतीन वाजले. मी एका खरेदीखताची पानं पुढून उलटून झाल्यावर मागून उलटायला घेतली.

"मिहीर, विचारू का रे?"

"धीरे से विचार. साहेब विचारात असले की बोलत नाहीत."

मी दारावर बोटाचं नख वाजवलं. "साहेब, निघू का?"

काचेमागे हात हळूच वर गेला आणि खाली आला.

"थांब म्हणतायत," मिहीर म्हणाला. तो साहेबांच्या हातांचा जाणकार होता.

थांबलो. चार वाजले. कल्याणात पोह्यांवर खोबरं पडलं असणार. मी पुन्हा दाराशी. या वेळी लाज सोडली आणि सगळं सांगून टाकलं. "साहेब, मुलगी बघायला जायचंय. तिसरी वेळ आहे साहेब. तासाभरात येतो. रविवारीही येईन. हवं तर सोमवारी मुक्कामालाच येतो."

हात वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

मिहीरने मला मागे ओढलं. "दोनदा! चिडलेत. बस चुपचाप, नोकरी जाईल."

नोकरी जाईल! ते ऐकलं आणि मला मार्केटात भिजलेल्या पाटीसमोर बसलेली आई दिसली. खुर्चीत असा बसलो, की जणू खिळे ठोकले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून आई, मामांच्या घरून. तिला फोनची गरजच नव्हती, शहाडला तसंही ऐकू आलं असतं. "पोरीचा बाप घड्याल बघतंय! येतंस का नाय?"

"आई, साहेब आत आहेत गं."

"आत हाईत तं तू भाईर ये!"

"तसं नसतं गं आई."

"बस तिथंच! आमीच येताव!" फोन आपटला.

मला वाटलं, रागात बोलली असेल. छे! आमची आई एकदा पाटी उचलून निघाली की मधे उतरवत नाही. थोड्याच वेळात कारखान्याच्या फाटकात दोन रिक्षा. आई नऊवारीत पुढे, मागे वैशालीचे वडील, मामा, मामी, स्टीलच्या डब्यात पोहे, आणि सगळ्यात मागे अबोली साडीत वैशाली. वॉचमनने अडवलं म्हणता? त्याच्या हातात पोह्यांची बशी होती.

सगळी वरात रेकॉर्ड रूममध्ये. भावी सासरे माझ्यासमोर उभे. अशा वेळी माणूस काय करतो? ताडकन उठतो, वाकून पाया पडतो.

मी बसल्या बसल्या हात जोडले.

"नमस्कार. बसा ना."

आईचे डोळे मोठे झाले. "ऊठ की रं!"

"आई, हळू बोल. साहेब आत आहेत."

वैशालीच्या वडिलांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. टेबलाखाली वाकूनही पाहिलं. मग मामांना बाजूला घेऊन, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाले, "पाय अधू आहेत का हो मुलाचे? म्हणून दाखवत नव्हते वाटतं!"

"अधू?" आई कडाडली. "अक्खी खाडी पोहून जातंय माझा पोरगा!"

"मग उठत का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. घाम कानांमागून टायमध्ये उतरत होता. वैशाली माझ्याकडे टक लावून बघत होती. संपलं, मी मनात म्हटलं. नोकरी वाचली आणि पोरगी गेली.

आईने पदर खोचला. "कुठं हाय तुझा साहेब? मी इच्यारतंय त्याला." मी "आई, नको, नको" म्हणेपर्यंत तिने धुरकट काचेचं दार धाडकन उघडलं.

आत पंखा फिरत होता. टेबलावरचा, मान हलवणारा. त्याच्यासमोर उंच पाठीची खुर्ची. खुर्चीला साहेबांचा काळा कोट. पंख्याची मान इकडे वळली की कोटाची बाही हळूच वर जायची, तिकडे वळली की खाली यायची. पलीकडे अंगणात उघडणारं मागचं दार सताड उघडं, आणि साहेबांची गाडी उभी असायची तिथे एक कुत्रं झोपलेलं.

मी कोटाकडे विनवण्या करत होतो. रविवार दिला होता मी त्या कोटाला!

मिहीर पुटपुटला, "मतलब, आपण जेवणानंतरच फ्री होतो?"

वैशाली पुढे आली. दारात उभी राहिली. चेहऱ्यावर एक रेघ हललेली नाही.

"हेच का साहेब?"

मी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं होतं काय?

ती कोटाकडे वळली आणि शाळेत हेडमास्तरांशी बोलावं तसं म्हणाली, "साहेब, यांना पाच मिनिटं उभं राहू देता का? बाबांना पाय बघायचेत."

बाही वर गेली.

"हो म्हणाले," वैशाली म्हणाली. "उठा."

मी उठलो. पाया पडलो. सासऱ्यांनी माझ्या पोटऱ्या डोळ्यांनीच तपासल्या, आणि पोहे खाल्ले गेले.

सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. अंगात तोच कोट.

"काय रे, शनिवारी किती वाजेपर्यंत होतास?"

"तुम्ही होतात तोपर्यंत, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाहीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उत्तम," ते म्हणाले. "अशी चिकाटी हल्ली दुर्मिळ झाली आहे." त्याच महिन्यात मी पक्का झालो. दोन्हीकडे.

लग्नानंतर मी वैशालीला एकदा विचारलं, एवढा तमाशा बघूनही तू हो कशी म्हणालीस?

"अरे, नुसत्या कोटाला एवढा भिणारा नवरा शोधून मिळाला असता का?"

मी ते थट्टेवारी नेलं. तिने नेलं नव्हतं. आजही ती माहेरी वर्तकनगरला निघाली की स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आपला स्वेटर टाकते, समोरचा पंखा लावते आणि सांगते, "मी आत आहे. भांडी घासून झाल्याशिवाय उठायचं नाही."

तुम्ही हसाल. पण एकदा मी अर्धवट टाकून उठायला गेलो होतो.

बाही वर गेली. मी मुकाट्याने कढई घासायला घेतली.