राक्षसाचे डोळे

सांगलीत आमचा गणपतींचा कारखाना होता आणि डोळे आखायचं काम माझं. पंच्याण्णवच्या सुमारास विट्याचे, सोनं गाळायचा धंदा करणारे एक काका परदेशी कार्टूनमधला प्लास्टिकचा राक्षस घेऊन आले. त्याच्या पायाखाली कंपनीचा शिक्का होता.

"पोरी, लहानपणी वडलांनी कलकत्त्यावरनं असाच एक राक्षस आणला हुता. त्याच्या डोळ्यांचं लय भ्या वाटायचं. ह्यो नुसता हसतोय. तसा करून दे."

मी तीनदा त्याचे डोळे पुसून पुन्हा आखले, भुवया चढवल्या, लाल रंग भरला. तरी नजर मेली गणपतीसारखी मायाळूच उतरायची.

चौथ्यांदा आखल्यावर काकांनी राक्षस हातात घेतला, त्याच्याकडं बघितलं आणि पायातल्या चपला काढल्या.