सतरा नंबरची काच

रविवार, अठरा जानेवारी, सकाळचे अकरा. कुरुंद्याच्या विहारात डॉ. करुणाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. हजर: तिचा धाकटा भाऊ मिलिंद आणि त्याची बायको रंजना, हैदराबादच्या प्रयोगशाळेतली तिची सहकारी डॉ. लक्ष्मी, आमच्या सातवीच्या वर्गातले नऊ जण, त्यांत मी, आणि गाव, जेवढं मावेल तेवढं. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, सरपंच बोलले. ‘अवकाशापर्यंत पोचलेली आपली लेक’ असं फलकावर लिहिलं होतं. फोटोतली करुणा मात्र नेहमीसारखी कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत होती, जणू मागे काहीतरी मोजायचं राहून गेलंय.

हजेरी मांडायची सवय मला शाळेच्या कार्यालयातल्या नोकरीने लागली असं लोक समजतात. ती करुणाने लावली. कार्यक्रम संपल्यावर मिलिंदने माझ्या हातात एक वही दिली. “सुनंदाताई, ताईच्या कपाटात व्हती. तुमचं नाव हाये हिच्यात,” म्हणाला. निळ्या पुठ्ठ्याची, चाळीस पानी, कोपरे झिजलेले. मी ती लगेच उघडली नाही. ती वही मी पूर्वी एकदाच पाहिली होती, आमच्या घराच्या उंबऱ्यावर, करुणाच्या हातात.

आम्ही सातवीत होतो. हळद शिजवून वाळत घालायचे दिवस. भर दुपारी कुरुंद्याच्या शिवारात आभाळातून एक मोठी पांढरी छत्री उतरली आणि तिला लटकलेली एक पेटी हळदीच्या ढिगाशेजारी येऊन बसली. “बॉम्ब हाये, पळा!” म्हणत माणसं बांधापलीकडे गेली. तासाभराने कुणीतरी म्हणालं, “बॉम्ब असता तर येवढ्या वेळात फुटला नसता व्हय?” मग सगळे परत आले आणि त्यांनी पेटी उघडली. छत्रीचं कापड हळद झाकायला गेलं. दोऱ्या गोठ्यात गेल्या. पेटीत वहीच्या पानाएवढ्या, काचेसारख्या स्वच्छ चकचकीत बत्तीस पाट्या एकावर एक रचलेल्या होत्या. प्लॅस्टिकच्या होत्या, पण गावाने त्यांना नाव ठेवलं ‘न फुटणारी काच’. कुणी कंदिलामागे उभी केली, कुणी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली, पोलीस पाटलांनी आपल्या नेमणुकीच्या कागदावर बसवली. रिकामी पेटी न्यायला म्हणून करुणाच्या वडिलांनी उलटी केली, तेव्हा बुडाला चिकटवलेला कागद दिसला. पेटी नेमकी त्या कागदावरच बसली होती. ‘हे विज्ञानाच्या अभ्यासाचे साहित्य आहे. उघडू नये. जवळच्या पोस्टात कळवावे.’ तीन भाषांत लिहिलेलं. करुणाने ते मोठ्याने वाचलं आणि पोस्टाकडे पळाली.

पोस्टमास्तरांनी तार केली. हैदराबादहून माणसं येईपर्यंत तीन दिवस गेले आणि त्या तीन दिवसांत करुणा दारोदार फिरली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आकडा कोरलेला होता. तिने वहीत एक ते बत्तीस आकडे मांडले, समोर घराचं नाव, आणि काच मिळाली की खूण. काम सोपं नव्हतं. तिचे वडील दुसऱ्यांच्या हळदीच्या कढयांवर मजुरी करायचे, आणि बऱ्याच घरांत तिला अंगणातच उभं राहावं लागायचं. काच तिच्या हातात न देता पायरीवर ठेवली जायची. ती उचलायची, फ्रॉकला पुसायची, आकडा वाचायची, खूण करायची. पोरं चिडवायची, “आली बघ काचवाली!” पाटील म्हणाले, “आभाळातून पडलं ते काय हैदराबादवाल्याच्या बापाचं हाये का?” ती म्हणाली, “व्हय, त्यावर लिवलंय तसं.” पाटलांना हसू आलं आणि त्यांनी काच दिली.

आमच्या घरी ती तिसऱ्या दिवशी आली. मोठी आई, म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, दारात होती. “काहून आली गं? तिथूनच सांग.” करुणा उंबऱ्यापलीकडे थांबली. “काच हाये का म्हून इचारायला आले.” मी आत भिंतीपाशी उभी होते. माझी आई आदल्या दिवाळीत गेली होती. तिचा एकच फोटो, लग्नातल्या गर्दीतून कापून वसमतला मोठा करून आणलेला. त्याची काच पाडव्याच्या साफसफाईत फुटली होती आणि मी रानातून आणलेली न फुटणारी काच वडिलांनी त्या चौकटीत बसवली होती. आकाराने जरा कमी पडली, खाली बोटभर फट राहिली, पण बसली. मी म्हणाले, “न्हाई आमच्याकडं.” करुणाने माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं… मग वहीत काहीतरी लिहिलं, “बरं,” म्हणाली आणि गेली.

जीपमधून आलेल्या वयस्कर शास्त्रज्ञांना तिने एकतीस काचा क्रमाने लावून दिल्या. “सेव्हन्टीन?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “न्हाई सापडली.” मी गर्दीत होते. मला वाटलं, तिला दिसलीच नाही. चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत मी तसंच समजत होते. पुढे तसं समजणं सोयीचं होतं म्हणून समजत राहिले.

त्या शास्त्रज्ञांनी चार महिन्यांनी तिला पाकिटातून काचेचा एक छोटा तुकडा पाठवला. अवकाशातून अतिसूक्ष्म कण सारखे येत असतात. खालच्या हवेत ते फुटून जातात, म्हणून मोठ्या फुग्याला पेटी बांधून खूप उंच पाठवायची आणि त्या पाट्यांमधून ते कण जाऊ द्यायचे. जाताना ते इतकी बारीक खूण सोडतात की डोळ्यांना काही दिसत नाही. गरम कॉस्टिक सोड्यात पाटी धुतली की तिथे खड्डा उमटतो. शाळेतल्या भिंगाखाली करुणाने तो खड्डा पाहिला आणि मला दाखवला. मला टाचणीने टोचल्यासारखं काहीतरी दिसलं. ती म्हणाली, “लई दुरून आलाय हा. आन् आपल्या रानात उतरलाय.” तिने भिंग मला पुन्हा दिलं नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. वसमतचं कॉलेज, मग विद्यापीठ, मग हैदराबाद. वसतिगृहातून ती मला पत्रं लिहायची आणि त्यांत तक्रारीसुद्धा क्रमांक घालून असायच्या. तिच्या गटाने बनवलेलं कण मोजायचं यंत्र अवकाशयानात बसून गेलं त्या दिवशी मी नांदेडहून परतताना वारंगा फाट्यावर अडकले होते. एका हॉटेलवाल्याच्या मोबाइलभोवती आम्ही सात-आठ जण उभे. यान वर गेलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “आमच्या कुरुंद्याच्या पोरीचं यंत्र हाये त्याच्यात.” हॉटेलवाला म्हणाला, “मंग काळजीच न्हाई. खाली पडलं तरी आपल्याच वावरात पडन.” हे तिला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिला खोकला लागला. त्या यानाआधी तिने अख्ख्या गटाला चार दिवस थांबवलं होतं, हे मला लक्ष्मीने विहारात सांगितलं. “एक स्क्रू का हिसाब नहीं लग रहा था, दीदी. सब नाराज़। मैडम बोलीं, मिल जाएगा, बैठो, फिर से गिनो।” चौथ्या दिवशी नोंद सापडली, स्क्रू जागेवरच होता, लिहायचा राहिला होता.

अशी बाई. एका स्क्रूची नोंद नाही म्हणून यान थांबवणारी. आणि सतरा नंबरची काच मात्र तिने अडतीस वर्षं थांबू दिली.

वडील गेल्यावर आईचा फोटो मी वसमतला माझ्या घरी आणला. करुणा गावी आली की माझ्याकडे यायची, जेवायची, सोफ्यावर बसायची, नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून. मला तो योगायोग वाटायचा. गेल्या नोव्हेंबरात आली ती शेवटची भेट. आजाराने अर्धी झाली होती, डोक्याला रुमाल. त्या दिवशी ती समोरच्या खुर्चीत बसली आणि सरळ फोटोकडे बघत म्हणाली, “सुनंदा, ती काच आता देशील का मला?”

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. “तुला माहीत होतं?”

“मला आकडा दिसला न्हवता. तुझं तोंड दिसलं व्हतं.”

“मग तेव्हा काहून मागितली न्हाई?”

“कशी मागणार? तुझी आई होती तिच्यामागं…” मग म्हणाली, “आन् मी उंबऱ्याबाहेर होते. आत येऊन काढून घ्यायची सोय कुठं व्हती?” हे ती हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

मग तिने समजावून सांगितलं. त्या एकतीस काचा तिला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी भांडारात सापडल्या. फेकून देणार होते, तिने त्या आपल्या कपाटात ठेवल्या. हल्ली नव्या सूक्ष्मदर्शकाने तिने त्या पुन्हा वाचायला घेतल्या, तर एका जड कणाची वाट सोळापर्यंत स्पष्ट दिसते आणि अठरात नाही. “म्हंजी तो सतरात थांबलाय. कुठं थांबला ते कळल्याबिगर तो कोण व्हता ते कळत न्हाई, सुनंदा. इतक्या वर्षांनी खूण राहिली असेल का, ते बी धुतल्याशिवाय सांगता येणार न्हाई. तुमच्या घराच्याबी खुणा असतील तिच्यावर. माती-भिंतीतूनबी असे बारीक कण निघतच असतात. पण त्या वरवर राहत्यात. त्याची आत गेलेली असंल.” बोलताना तिला धाप लागत होती, पण डोळे मात्र सातवीतलेच होते. मी म्हणाले, “पुढच्या सोमवारी फ्रेमवाल्याकडं जाते. नवी काच बसवते, ही तुला पाठवते.” आणि तिच्यासमोर माझ्या कामांच्या यादीत लिहिलं. तिने वाकून ते वाचलं, मान हलवली.

सोमवारी मी गेले. फ्रेमवाल्याने मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला आणि थांबला. “म्याडम, फोटो काचंला धरलाय.” इतक्या पावसाळ्यांची ओल खालच्या बोटभर फटीतून शिरत गेली होती. आईचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, काचेला चिकटला होता. ओढला तर निघेल, पण कोणत्या बाजूला किती निघेल हे तो सांगू शकत नव्हता. मी चौकट तशीच परत आणली. करुणाला फोन केला. ती म्हणाली, “मंग राहू दे. घाई न्हाई.” आयुष्यभर कामाची घाई केलेल्या बाईने मला घाई नाही म्हणून सांगितलं आणि मी ते खरं मानलं. शाळेत परीक्षा होत्या, मग गावी तुरीच्या काढणीचं काम निघालं, ती ओळ यादीत एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिली. दर आठवड्याला मी ती स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिली. डिसेंबर उलटला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिलिंदचा फोन आला.

विहाराबाहेर लक्ष्मीने हळूच विचारलं, “दीदी, वो शीट… मैडम ने डिब्बे में उसकी जगह खाली रखी है।” सोळा आणि अठराच्या मध्ये पातळ पुठ्ठा घालून करुणाने जागा धरून ठेवली होती. मी चिकटलेल्या फोटोचं सांगितलं. लक्ष्मी म्हणाली, कोमट पाण्यात हळूहळू सुटू शकतो, खात्री नाही, आधी फोटोची चांगली प्रत करून घ्या. सक्ती तिने केली नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी वही उघडली. एक ते बत्तीस. एकतीस आकड्यांपुढे घराचं नाव आणि खूण. सतराच्या पुढे माझं नाव, खूण नाही, आणि सातवीतल्या पोरीच्या गोल अक्षरात एवढंच: ‘आहे. मागायची नाही.’ त्या पोरीने शास्त्रज्ञांना खोटं सांगितलं होतं, पण वहीत खोटं लिहिलं नव्हतं.

या गोष्टीला आता पाच आठवडे होत आले. फोटोची प्रत वसमतला करून घेतली आहे, चांगली आली आहे. नव्या काचेचं माप दिलं आहे. पाटी गुंडाळायला मऊ कापड आणि पुठ्ठ्याचा खोका आणून ठेवला आहे, वर लक्ष्मीचा पत्ता लिहिला आहे. चौकट भिंतीवरून उतरवली आहे; तिच्या जागी भिंतीचा जुना रंग तेवढा चौकोनभर उजळ राहिला आहे. चौकट टेबलावर उताणी आहे. चष्मा लावून तिरकं पाहिलं की खालच्या कोपऱ्यात कोरलेले एक आणि सात दिसतात, आणि त्यांच्या वर आईचा चेहरा, आणि त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी तो कण. शेजारी परात धुऊन ठेवली आहे. पाणी अजून घातलेलं नाही.