दाजीकाकांनी देवाला खुनी सांगितला!

माझ्या आत्याने पहिला खून रिटायर झाल्यावर केला. त्याआधी तिला वेळच मिळाला नव्हता.

शालूआत्या, म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, परळच्या एका शाळेत हेडक्लार्क होती. आयुष्यभर पोरांच्या खोट्या सह्या आणि पालकांची खोटी कारणं पकडली. तिच्या काळात शाळेचा एकही पेपर फुटला नाही, याचा तिला भारी अभिमान! रिटायर झाली, घरी बसली, चार दिवस वाटाणे सोलले आणि पाचव्या दिवशी लालबागच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून रहस्यकथा लिहायला लागली. पहिली कथा एका दिवाळी अंकात आली, मग कादंबरी, मग दुसरी. दुसरीच्या एवढ्या आवृत्त्या निघाल्या, की मासेवालीसुद्धा आत्याला विचारायला लागली, "ताई, पुढचा कोण मरतंय?"

टायपिंग माझ्याकडे. मी जाम फास्ट टाईप करते. (बोलते त्याहून फास्ट. लोकांना हे खरं वाटत नाही.)

तर हे तिसरं पुस्तक. प्रकाशक देवस्थळींनी काय आयडिया काढली माहितेय? शेवटच्या प्रकरणाची पानं कापायचीच नाहीत! कडेने जोडलेली ठेवायची. वाचकाने आधी सगळं वाचायचं, मग फूटपट्टी घालून ती पानं फाडायची आणि खुनी बघायचा. सगळीकडे एकच जाहिरात: 'सावंतांना कोणी मारलं?' पुस्तक मिळणार दादरच्या हॉलमध्ये, प्रकाशनाच्या दिवशीच. तोपर्यंत गुपित फुटलं, तर पुस्तकाचा पार भजीचा कागद!

"सायली," आत्या मला म्हणाली, "शेवटचं प्रकरण बंद पाकिटातून थेट छापखान्यात जाणार, देवस्थळीसुद्धा वाचणार नाहीत. खुनी कोण ते फक्त तुला माहितीये. तू टाईप केलंयस म्हणून."

"आत्या, मी मेले तरी सांगणार नाही!"

"बघू," आत्या म्हणाली. अगदी शांतपणे. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आता दाजीकाका. हे बाबांचे चुलतभाऊ, राहतात घोडपदेवला, पूर्वी गिरणीत होते. आमच्या घराण्यात काहीही नवीन करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि ते दाजीकाकांनीच घालायचं. नारळ हातात घेऊन काका देवाला काय पाहिजे ते खणखणीत आवाजात सांगतात आणि आम्ही सगळे मागून ओरडतो, "व्हय म्हाराजा!" फ्रीज घेतला, गाऱ्हाणं. माझी दहावी, गाऱ्हाणं. दादाच्या नोकरीचं घातलं तेव्हा काका गाव सांगायला विसरले आणि दादाला नोकरी लागली थेट नागपूरला! तेव्हापासून काका देवाला सगळे डिटेल्स देतात.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"चेडवा, खून कोणाचो झालो?"

"सावंतांचा."

"कोणी केल्यान?"

"काका, ते सीक्रेट आहे!"

"माझ्यापासून सीक्रेट ऱ्हवांदे. पण देवापासून? देवाक अर्धा सांगान चलना नाय. नागपूर इसारलंस?"

नागपूर म्हटल्यावर मी गळपटले. दार लावलं, बाथरूमचा नळ सोडला आणि फोनमध्ये कुजबुजले, "डॉक्टरीणबाई. खोकल्याच्या औषधात विष."

"अरे बापरे!" काका हळहळले. "डाक्टरीण असान असां केल्यान?"

ठरलं असं होतं की काका सकाळी घरी येणार, देव्हाऱ्यासमोर गाऱ्हाणं घालणार, ऐकणारे आम्ही घरचेच. पण काकांना वाटलं, जाता जाता प्रभादेवीच्या देवळात नारळ देवाच्या पायाशी लावून येऊ. मोठी रांग! इकडे आम्ही वाट बघून बघून हॉलवर गेलो. हॉल गच्च. निम्मं लालबाग, दादरचे वाचक, देवस्थळी नवीन कुर्त्यात. सूत्रसंचालन माझ्याकडे आणि लाईव्हचा मोबाईलही माझाच, स्टँडवर लावलेला.

तेवढ्यात मागच्या दारातून काका आले. घामाघूम, हातात नारळ.

"गाऱ्हाणां ऱ्हवला गो!"

आणि मी (हो, मीच! मला कोणी सांगितलं नव्हतं!) आनंदाने किंचाळले, "काका, इथेच घाला ना! लोकांना पण बघू दे आपली पद्धत!" काकांना हात धरून स्टेजवर चढवलं. माईक त्यांच्या तोंडाशी धरला. मोबाईलचा अँगलसुद्धा नीट केला!

काकांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज आमच्या शालून पुस्तक लिवल्यान, म्हणान आमी सगळे हंय जमलंव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" निम्मा हॉल. कोकणातल्या माणसाच्या तोंडून हे आपोआप येतं, शिंकेसारखं.

"ह्या पुस्तकात सावंताचो खून झालो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पूर्ण हॉल.

इथे मला धोका कळला. मी काकांचा सदरा ओढला. काकांना वाटलं, मी आवाज वाढवायला सांगतेय.

"तो खून त्याच्या डाक्टरणीन केल्यान, म्हाराजा! खोकल्याच्या औषधात ईख घालून केल्यान!"

"व्हय म्हाराजा!" हे म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज देवस्थळींचा होता. पुढच्या क्षणी त्यांना कळलं आपण काय म्हणालो.

"तर ह्यां गुपित शेवटच्या पानापर्यंत कोणाक म्हणान कळाक देव नको, म्हाराजा!"

यावर कोणीच 'व्हय' म्हणालं नाही.

काकांनी डोळे उघडले. "काय झाला? आवाज गेलो काय?"

तिसऱ्या रांगेतल्या एक बाई रडवेल्या झाल्या होत्या. "अहो, मी उद्याची रजा टाकलीय हे वाचायला!" देवस्थळी मटकन खुर्चीत बसले. मोबाईलवर लाल बदाम नुसते उडत होते. मला वाटलं, आत्याची सगळी मेहनत मी एका नारळात फोडली. तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

आत्या उठली. माझ्या हातातून माईक घेतला.

"ज्यांच्याकडे पुस्तक आहे, त्यांनी शेवटची पानं फाडा. आत्ताच. माझी परवानगी आहे."

टर्र, टर्र, टर्र! हॉलभर एकच आवाज. मग पानं उलटण्याची सळसळ. मग त्या रजावाल्या बाई ताडकन उठल्या. "अगं बाई! डॉक्टरीण नाहीच!"

"नाही," आत्या म्हणाली.

मी बघतच राहिले. "आत्या! पण मी टाईप केलं ते..."

"शाळेत आम्ही पेपरचे दोन सेट काढायचो," आत्या माईकवरूनच म्हणाली. "एक परीक्षेचा. एक फुटायचा. फुटायचा सेट नेहमी ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याच्याकडे द्यायचा. खरं प्रकरण मी स्वतः टाईप केलंय. एका बोटाने. महिना लागला."

हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळे खूश! एक माणूस सोडून.

"म्हणजे मी देवाक खोटां सांगलंय?" दाजीकाका ओरडले. "शालू, खरो खुनी सांग! दुसरा गाऱ्हाणां घालूक व्हया! आत्ताच्या आत्ता!" त्यांनी परत डोळे मिटले. देवस्थळींनी धावत जाऊन आधी माईकची वायर उपटली आणि मग काकांना बटाटेवड्यांकडे नेलं.

पुस्तकं संध्याकाळपर्यंत संपली. लाईव्ह बघून लोक वाटेतूनच फोन करत होते, "डॉक्टरीण नाही, मग कोण हो?" खरा खुनी कोण, ते मी इथे लिहिणार नाही. (देवस्थळींनी हा लेख आधी वाचायला मागितलाय.)

घरात मात्र माझी पार वाट लागलीय. आई म्हणाली आज सुरमई आहे, तरी मी आधी झाकण उघडून बघते. काय सांगावं, आपल्याला कुठला सेट मिळालाय!

काल आत्याने नवीन कादंबरी टाईप करायला दिली. पहिल्याच पानावर एक फास्ट टाईप करणारी, सतत बडबडणारी भाची कीबोर्डवर डोकं ठेवून मरून पडलेली.

"आत्या, हा फुटायचा सेट आहे ना?" मी विचारलं.

आत्याने चष्मा पुसला. "खुनी दोन्ही सेटमध्ये वेगळा आहे," ती म्हणाली. "मेलेली तीच आहे."