उरलेला रस्सा

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार आमच्या घरी कोंबडी शिजते. तिन्ही वार न खाण्याचे. शेजारच्या काकूंनी एकदा नाक मुरडून विचारलंही, की आता देवाधर्माचं काही उरलं नाही का तुमच्याकडे. मी म्हटलं, दवाखान्यातलं मशीन ज्या दिवशी रिकामं मिळतं तो आमचा वार. देवाला चालत नसेल तर त्यानं जाऊन वेळापत्रक बदलून आणावं. त्या तीन दिवशी बायकोचं डायलिसिस असतं. परत आल्यावर तिच्यात गॅसपुढे उभं राहायचं त्राण नसतं. बाकीच्या दिवशी ती पाटावर बसून होईल तेवढं करते, मी चिरून-निवडून देतो. पण या तीन दिवसांचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि मला कोंबडी सोडून काही येत नाही. भात लावतो, तोही शिट्ट्या मोजून.

हे ऐकून लोक हसतात. पण आमच्याकडे माझ्या वयाच्या कितीतरी पुरुषांची हीच गत आहे. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात कोंबडी कधी शिरली नाही. ती घरामागच्या अंगणात, तीन विटांच्या चुलीवर, पुरुषांनीच करायची. तिचा शिजवायचा गंज वेगळा, पळी वेगळी. बायका आत मसाला वाटायच्या आणि दारातून बाहेर सरकवायच्या. शिजलं की पहिली पंगत पुरुषांची, मग पोरांची, आणि शेवटी गंज आत जायचा. लग्नानंतर मी वेगळं घर केलं, घरात आम्ही दोघं आणि एक मुलगी, तरी क्रम तोच राहिला. रविवारी मी अंगणात शिजवायचो, तंगडी मी खायचो, छातीचे तुकडे मुलीला, आणि बायको मागाहून रस्सा-भात आणि मान घेऊन बसायची. पाहुण्यांना मी कौतुकानं सांगायचो, आमच्याकडे भांडण नाही बघा, मला तंगडी आवडते आणि हिला मान.

डॉक्टरांनी सांगितलं, अंडी आणि कोंबडी पोटात गेलीच पाहिजे, नाहीतर अंगात ताकद राहणार नाही. पहिले दोन महिने मी दवाखान्यातून येऊन चूल पेटवत होतो. धूर, गुडघे, आणि आत बायको ओकारी दाबून पडलेली. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि कोंबडीचा कोळसा झाला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मुरमुरे खाल्ले. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला फोनवर हे कळलं आणि आठवड्याच्या आत दारात खोकं आलं. आत स्लो कुकर. चिनीमातीचं जड भांडं, काचेचं झाकण आणि एक गोल बटण. सकाळी सगळं एकदम घालायचं, बटण मंद आचेवर ठेवायचं आणि आठ तासांनी झाकण काढायचं, असं तिनं समजावलं. ढवळायचंसुद्धा नाही.

माझा विश्वास नव्हता. बाहेरून हात टेकवता येतो त्या आचेवर कोंबडी काय शिजणार? पण शिजली, आणि हाडापासून सुटेल इतकी शिजली. बायकोनं मात्र कुकरला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, कारण तिथं देव आहेत. म्हणून तो मागच्या पडवीत, पंपाच्या बोर्डाखाली स्टुलावर असतो. ती त्याला जावई म्हणते. मुलीनं अजून लग्न केलेलं नाही, म्हणून हाच. म्हणते, दिवसभर कोपऱ्यात बसतो, काही करताना दिसत नाही, आणि हात लावला तर गरम होतो.

आदल्या संध्याकाळी मी फुलचूर नाक्यावरून कोंबडी आणून ठेवतो. सकाळी सहाला उठायचं, कांदा, आलं-लसूण, बेताचा मसाला आणि नावाला मीठ घालायचं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बटाटा बंद, टमाटर बंद. मग दोन गडवे, म्हणजे दोन तांबे, पाणी. कोणी सांगितलं म्हणून नाही, हाताला सवय म्हणून. धानाच्या मुलखात भात ओला करणारा रस्सा नसेल तर त्याला जेवण म्हणत नाहीत. बटण फिरवायचं, बायकोला आटोत बसवायचं, रांगेत बसायचं, चार तास मशीनचा आवाज ऐकायचा, आणि दुपारी दोनला तिला खांद्याला धरून घरी आणायचं. आल्यावर दोघंही आडवे होतो. मी काही आजारी नाही, पण माझ्याही अंगातलं कोणीतरी रोज थोडं थोडं काढून घेतं असं वाटतं. हे तिला मी सांगत नाही.

आमचं सगळं आयुष्य आता पाण्यावर येऊन थांबलं आहे. तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, वरण आणि गोळ्यांचे घोट. शरीर पाणी बाहेर टाकत नाही, ते अंगात साचतं. दिवाळीनंतर एका दुपारी तिला आडवं होता येईना. बसून बसून श्वास घेत होती, ओठ निळे पडले होते. फुप्फुसात पाणी गेलं होतं. त्या दिवशी मशीन मिळालं म्हणून वाचली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या वेळी इथपर्यंत आणायला वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी बाटलीत पाऊण लिटर भरतो आणि बाटलीवर नजर ठेवतो. रस्सा तिनं घ्यायचा नाही, नुसते तुकडे खायचे. उरलेला रस्सा दारातल्या कुत्रीला. हे तिनं मान डोलवून कबूल केलं होतं.

तरी वजन वाढायला लागलं. मशीनवर घेण्याआधी काट्यावर उभं करतात, मागच्या वेळेपेक्षा दोन किलोंच्या वर जाऊ नये म्हणतात. ती तीनवर गेली. मग गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी साडेतीनवर. मशीन लावणारा मुलगा एरवी हसतमुख, पण त्या दिवशी त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडेच पाहून म्हणाला, "अंकल, पानी आप देख रहे हो ना? ऐसे नहीं चलेगा."

मी चोरखमाऱ्याच्या नहरावर पाणी सोडण्याच्या नोकरीत केस पांढरे केले. कोणी कुठं पाळ फोडली, कोणी दगड लावून पाणी वळवलं, हे मला नहराच्या काठानं चालत गेलं की कळायचं. तेच डोळे घेऊन मी आता घरात फिरायला लागलो. न्हाणीतला मग ओला आहे का, माठाखाली थेंब आहेत का, उशाखाली बाटली आहे का. तिच्या पदराचा वास घेतला एकदा, कोणी सरबत दिलं की काय म्हणून. तिला हे दिसत होतं. मला स्वतःची किळस आली, पण शोधायचं थांबवलं नाही.

मग एका गुरुवारी आम्ही दवाखान्यातून आलो आणि झोपलो. पाचच्या सुमाराला मला जाग आली तर शेजारची खाट रिकामी. ती पडवीत होती. कुकरचं झाकण जमिनीवर, मांडीवर वाडगा, वाडग्यात सकाळचा भात आणि काठोकाठ रस्सा. बोटांनी कालवून खात होती. बाजूला ताटलीत दोन्ही तंगड्या काढून वर झाकण ठेवलेलं, माझ्यासाठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. घर धुंडाळत होतो, आणि दोन गडवे पाणी दर वेळी मीच ओतत होतो.

मी आवाज चढवला. इतका चढवला की शेजारच्या काकू खिडकीत आल्या असाव्यात. कुत्रीला घालायचा रस्सा तूच खातेस काय, मी कोणासाठी मरतो आहे, मुलीला काय सांगू, असं बरंच बोललो. ती वाडगा धरून ऐकत राहिली. मग मी म्हटलं, "आवडते म्हून जीव देशील का?"

"आवडते?" ती म्हणाली. "मले कोणं विचारलं कधी, आवडते का नाही?"

मी म्हणालो, चाळीस वर्षं पाहतो आहे, रस्सा आणि मान सोडून तू कशाला हात लावला नाहीस.

"उरे तेच खाल्लं मी," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात, दमली होती. "त्याचीच चव ठाऊक हाये तोंडाले. आता तं बाकी सारं लोखंड चाटल्यावानी लागते. रस्सा तेवढा लागते. आनं फेकून कसा द्यायचा? बाईमाणूस रस्सा फेकते का कधी?"

मी तिथंच पायरीवर बसलो. नोकरीत मी साऱ्यांशी भांडलो ते टोकाच्या शेतकऱ्यांसाठी. वरचे पोटभर घेतात आणि शेवटच्या शेताच्या बांधीला उरेल ते मिळतं, हे मला सहन व्हायचं नाही. त्यापायी एकदा मारही खाल्ला होता. आणि घरात गंज माझ्यापासून सुरू होऊन तिच्यापर्यंत जायचा तेव्हा त्यात काय उरलेलं असायचं, हे मी एकदाही वाकून पाहिलं नाही. वर पाहुण्यांना सांगत होतो, हिला मान आवडते. मला फार लाज वाटली. तिला तसं म्हणालोही, पण पुटपुटल्यासारखं, आणि ती तोवर वाडगा बाजूला ठेवून कुकरला झाकण लावत होती. उरलेलं मी कुत्रीला घातलं. कुत्री मात्र खूश झाली.

शनिवारी सकाळी मी कुकरमध्ये पाणी घातलं नाही. हात दोनदा गडव्याकडे गेला, दोनदा मागे घेतला. दवाखान्यात ती काट्यावर चढली तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत उभा राहिलो. दोनच्या थोडं खाली. मशीनवाला मुलगा म्हणाला, बहुत बढिया काकी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. चार तास तिला झोप लागली, मला नाही.

संध्याकाळी झाकण काढलं तर तळाशी रस्सा होताच, वाटीभर. पाणी न घालता कोंबडी आपलंच पाणी सोडते, हे मला या वयात कळलं. तो रस्सा मी माझ्या भातावर घेतला आणि तिला तीन चमचे दिले. तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीत ओतलं, तिच्या देखत. मग दोन्ही तंगड्या तिच्या ताटात वाढल्या आणि मान माझ्या. ती म्हणाली नाही की राहू द्या. तंगडी कुठून धरायची याचा तिनं जरा विचार केला, मग दोन्ही हातांनी उचलून एक घास तोडला. चव लागते का, मी विचारलं. थोडी थोडी, म्हणाली. आणि खात राहिली.

मी मान उचलली. मानेत खायला काही नसतं हो. दातांनी कोरत बसावं लागतं, एकेका मणक्याच्या फटीतून दोरीएवढं मांस निघतं, आणि तोंडात भातापेक्षा हाडच जास्त येतं. मी घाईनं चावलं, काहीतरी टोचलं, खोकलो. ती तंगडी खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती.

"हळू खा," ती म्हणाली. "मानेत बारीक हाडकं राहतात."