बिनधुराचं खत

मिश्रखताच्या कारखान्यात चाळणीतून जे फार बारीक निघतं ते आणि जे फार जाड निघतं ते, दोन्ही पुन्हा फिरत्या ड्रममध्ये जातं. मधला, नीट गोल झालेला दाणा तेवढा गोणीत भरून निघून जातो. आमच्या कारखान्यातल्या गोष्टींचंही तेच झालं. ज्या नीट होत्या त्या मी कधीच विसरलो. उरल्या त्या या, वर्षानुवर्षं डोक्यात गोल फिरत राहिलेल्या. निवृत्त माणसाच्या डोक्यात दुसरं काही फिरत नसल्यामुळे त्यांना जागाही भरपूर मिळते.

कारखाना सातपूरला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं डिस्पॅचचा कारकून म्हणून लागलो. टेबलासमोर खिडकी आणि खिडकीत चिमणी. युरिया, फॉस्फेट, पोटॅश आणायचं, ड्रममध्ये पाणी शिंपडून त्याचे दाणे करायचे आणि ते ओले दाणे गरम हवेत वाळवायचे, एवढाच आमचा उद्योग. गरम हवा भट्टीतून यायची आणि भट्टी खंडूआबांची होती. कागदोपत्री ती मालकांची, पण मालकही तिच्याजवळ जाताना आबांना विचारून जात. सगळ्यांचे डबे तिथं गरम व्हायचे, पावसाळ्यात सगळ्यांचे सदरे तिथं वाळायचे, आणि माझ्या माहितीत दोन सोयरिकीसुद्धा त्या भट्टीच्या उबेला जमल्या.

मालकांना सगळे दादा म्हणत. पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार. एका वर्षी बागायतदारांच्या सहलीबरोबर ते हॉलंडला जाऊन आले आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, "तिथं खताचा कारखाना पाहिला. चिमणी आहे, पण धूर नाही."

"मंग सुट्टी असंल त्यांना," आबा म्हणाले.

"चालू होता, आबा. ज्याच्यानं हिरवं उगवतं ते असं काळ्या धुरातून का यावं? आपणही हळूहळू भट्टी बंद करायची."

"आन मी?"

"तुम्ही गेटवर बसायचं. खुर्ची देऊ, पंखा देऊ."

आबांनी बराच वेळ चहात फुंकर मारली. मग म्हणाले, "गेटवर बसून काय गरम करू?"

त्या दिवसापासून कारखान्यात दोन स्वप्नं एकाच वेळी नांदू लागली. दादांना चिमणी थंड हवी होती आणि आबांना गेट नको होतं. पगार दोघांकडूनही मिळत नसल्यासारखा मी तटस्थ होतो.

*

पहिला प्रयोग साधा होता. दाण्यात पाणीच कमी घातलं तर वाळवायला कोळसाही कमी लागेल, असं दादांनी काढलं. गणित चोख होतं. पाणी कमी झालं, कोळसा कमी झाला, चिमणी पहिल्यांदाच जरा फिकट दिसू लागली.

फक्त दाणे झाले नाहीत. ड्रममधून दाण्यांऐवजी भुकटी निघू लागली आणि शेडमध्ये तरंगत राहिली. उन्हाचे तिरपे पट्टे पत्र्याच्या भोकांतून आत येत आणि त्यांत गुलाबी पोटॅश असं काही मंद हिंडत असे की बघत राहावं. माणसं त्यातून गंधर्वांसारखी ये-जा करत. हे गंधर्व मधूनमधून खोकत, तेवढाच फरक.

आबा भट्टीजवळून उठून दादांपाशी आले. त्यांच्या भुवया गुलाबी झाल्या होत्या.

"दादा, एक इचारू? धूर कमी झाला म्हणायचं का आत आला म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी पाणी पूर्ववत झालं.

*

मग दादांनी द्राक्षाच्या काड्या आणल्या. ऑक्टोबरात छाटणी झाली की प्रत्येक बागेच्या बांधावर काड्यांचे ढीग लागतात आणि शेतकरी ते तिथंच पेटवून देतात. जे नाहीतरी जळणारच आहे ते आपल्या भट्टीत जळू दे, जमिनीतला कोळसा जमिनीत राहील, हे दादांचं म्हणणं होतं. पिंपळगावहून टेम्पो येऊ लागले.

आबांना काडी पसंत नव्हती. "कोळसा गप जळतो," ते म्हणाले. "ही आख्खा दिवस बडबडती." पण काही दिवसांनी मी पाहिलं, ते भट्टीच्या तोंडाशी बसून त्या तडतडीला अधूनमधून हुंकार देत होते. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी निळसर धूर सातपूरवर पसरायचा आणि त्याला बागेचा वास असायचा. शेजारच्या इंजिनिअरिंग कारखान्यातली माणसं सायकली हातात धरून क्षणभर उभी राहत. एकाने मला विचारलंही, "भाऊसाहेब, तुमच्याकडं काय शिजतं हो?"

एकदा राखेत छाटणीची कात्री निघाली. लाल झालेली. ढिगाबरोबर आली असणार. चौथ्या दिवशी तिचा मालक मोटारसायकलवरून हजर झाला. आबांनी कात्री त्याच्यापुढे ठेवली. मूठ जळून गेली होती, पाती काळीनिळी पडली होती. त्याने ती उघडझाप करून पाहिली.

"धार गेली की हिची."

"धूर घालवायला तुमची काडी आणली," आबा म्हणाले, "त्यात धार बी गेली. भरपाई आमच्या मालकाला मागा, माझ्याकडं फक्त आग असती."

*

पुढं वर्तमानपत्रांत पृथ्वी तापत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. दादा ती कात्रणं भट्टीजवळच्या भिंतीवर चिकटवायचे. आबांनी वाचावीत अशी इच्छा. दुपारपर्यंत कात्रण पिवळं पडायचं, कडा वळायच्या आणि ते गळून पडायचं.

"आबा, वाचलं का?"

"वाचाय गेलो तवर तापलं, दादा."

*

उन्हाळ्यात दादांना सूर्य सुचला. त्यांच्या बागेत बेदाण्याची शेड होती. जाळ्यांचे मजले एकावर एक, वर छप्पर, चहूबाजूंनी वारा. द्राक्षं त्यावर पसरली की आपोआप सुकतात. मे महिन्यात ती रिकामी असते. दादांनी ओले दाणे तिकडं पाठवले आणि बेदाण्याच्या कामाला येणाऱ्या बायकांना बोलावून सांगितलं, "बेदाण्यासारखंच करायचं. आग नाही, धूर नाही." त्या बायकांच्या प्रमुख सखूबाई. त्यांनी मान डोलावली.

दोन दिवसांनी दादा, आबा आणि मी जीपने बघायला गेलो. आबांना मुद्दाम नेलं होतं, भट्टीशिवाय काय होतं ते त्यांनी पाहावं म्हणून. ते वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते, नवरीकडच्या माणसासारखे.

दाणे खरोखर सुरेख वाळले होते. जाळ्यांवर दूरपर्यंत पसरलेले, मधून वारा वाहतोय, सगळी शेड हलकेच झोके घेतेय असं वाटत होतं. दादा मुठीत दाणे घेऊन नुसते उभे राहिले. तेवढ्यात शेडच्या पलीकडच्या टोकाला प्लॅस्टिकच्या कागदाखालून पिवळट धूर येताना दिसला. नाकाला झोंबणारा.

"सखूबाई! हे काय?"

"धुरी, दादा. गंधकाची."

"कशाला?"

"आता कशाला काय? धुरी दिल्याबिगर बेदाण्याला रंग कसा यायचा? तुम्हीच म्हणालात बेदाण्यासारखंच करा." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, दादा? माल हलका हाय यंदा. गोडी काहीच नाय. एक दाणा चाखून बघितला म्या."

परतीच्या वाटेत आबा बोलू लागले ते सातपूर येईपर्यंत थांबले नाहीत. त्या वर्षी भट्टी वाचली.

*

दोन हजार सालानंतर एक सल्लागार आला. टाय होता, लॅपटॉप होता. त्याने दादांना सांगितलं की तुम्ही कोळसा सोडून काडी जाळता, म्हणजे काही धूर झालाच नाही. हा न झालेला धूर परदेशातल्या कंपन्या कार्बन क्रेडिट म्हणून विकत घेतात.

मी आयुष्यभर डिस्पॅच केला, पण न झालेला माल कधी पाठवला नव्हता. कोणत्या ट्रकने जातो, विचारावंसं वाटलं.

मग त्याने हिशेब केला आणि जरा ओशाळून म्हणाला, "तुमचा धूर फारच कमी आहे, सर. मोजण्याइतका नाही. खरा धूर युरियात असतो. तो गॅसपासून बनतो, लांबच्या मोठ्या कारखान्यात. तुमच्या दारात गोणी उतरते तेव्हा धूर होऊन गेलेला असतो."

तो गेल्यावर दादा दिसेनात. मी गोदामात पाहिलं तर युरियाच्या थप्पीवर बसले होते. पांढऱ्या गोण्या छतापर्यंत. वरच्या झरोक्यातून प्रकाश येत होता. दादांनी शेजारच्या गोणीवर हात ठेवला होता, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"भाऊसाहेब, इतकी वर्षं मी चिमणीकडं बघत होतो," ते म्हणाले. "आणि धूर रोज गेटमधून आत येत होता. तुम्ही पावती देऊन उतरवून घेत होता."

आबा दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हंजी भट्टीचा दोष नव्हता?"

"फारसा नव्हता."

"मंग राहू द्या की तिला."

दादा नुसतेच हसले.

*

दादांनी भट्टी ठेवली नाही. त्यांनी युरियाच सोडायचं ठरवलं. जिवाणू खत करायचं. हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देणारे जिवाणू असतात, ते काचेच्या चंबूत वाढवायचे, भुकटीत मिसळायचे, पुडीत भरायचे. गॅस नको, कोळसा नको. त्यासाठी मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या एक मॅडम आल्या.

"हवेतलं धरायचं आन पुडीत भरून इकायचं?" आबा म्हणाले. "मंग न झालेला धूर इकणारा काय वाईट व्हता?"

दिवाळीनंतर ड्रम थांबला आणि भट्टी विझली. आबा गेटवर गेले. खुर्ची मिळाली, पंखाही मिळाला. पण ते रस्त्याकडे पाठ करून, चिमणीकडे तोंड करून बसत. आमच्याकडे कोण आलं, कोण गेलं हे त्या हिवाळ्यात कोणालाच नीट कळलं नाही.

*

जानेवारीत नाशिकची थंडी पडली. त्यात लोडशेडिंग. सकाळीच वीज गेली की चंबूंच्या खोलीतला हीटर बंद, चंबू हलवत ठेवणारं यंत्रही बंद. एका सकाळी मॅडम धावत ऑफिसात आल्या. पहिलीच मोठी ऑर्डर होती.

"दादा, खोली गार पडलीय. चंबूंना ऊब हवी आणि सारखं हलवत ठेवायला हवं. नाहीतर हा सगळा लॉट जाईल."

दादा खिडकीतून चिमणीकडे पाहत राहिले. मग स्वतः गेटपाशी गेले. मी मागोमाग.

"आबा," दादा म्हणाले, "भट्टी पेटवा."

आबा खुर्चीतून उठले. हे ऐकायची वाट बघत त्यांनी सगळा हिवाळा काढला होता. ते भट्टीपाशी गेले. तिच्या लोखंडी दारावर हात ठेवला. शेजारी काड्या रचलेल्या होत्या, कोरड्या खडखडीत. खिशात त्यांची विडी-काडी होती. मग त्यांनी वर थंड चिमणीकडे आणि तिच्याखाली उभ्या दादांकडे पाहिलं, आणि दार उघडलंच नाही.

"नाय पेटायची ती आज."

"का?" दादांनी विचारलं.

"नाय पेटायची."

त्यांनी खुर्चीवरची घोंगडी आणली, भट्टीच्या भिंतीला टेकून उन्हात बसले आणि मॅडमना म्हणाले, "आणा इकडं ती लेकरं."

"आबा, त्यांना थेट ऊन चालत नाही."

"घोंगडी कशाला हाय मंग?"

मॅडमनी एकेक चंबू आणून त्यांच्या मांडीत दिला. आबांनी वरून घोंगडी ओढली आणि गुडघे हलवायला सुरुवात केली. हळू, एका लयीत. डोळे मिटले होते. चंबू बरेच होते, एका मांडीत मावेनात. दादा पुढं आले.

"सरका जरा, आबा."

तेही भिंतीला टेकून बसले. अर्धी घोंगडी त्यांनी आपल्या गुडघ्यांवर घेतली. दोघंही हलू लागले. वर चिमणी होती आणि तिच्यावर नुसतं निळं आकाश.

मी माझ्या टेबलाशी परतलो. गेट उघडंच होतं. एक ट्रकवाला आत आला, इकडंतिकडं पाहून माझ्या खिडकीशी थांबला.

"भाऊसाहेब, इथं खत बनतं म्हणाले. प्लांट कुठंय?"

मी बोट दाखवलं.