नांदगावहून आलेला शेवटचा मेल

पत्नी नांदगावच्या शाळेत शिकवायची आणि मी नाशिकला ग्रंथालयात होतो. शनिवारी ती घरी यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायची. मधल्या दिवसांत शाळेच्या संगणकावरून मला मेल करायची, तोही देवनागरीत. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी तिला चालत नसे. "तसं वाचलं की तुम्ही कुणी परके वाटता," म्हणायची. तेव्हा मराठीसाठी वेगळा फॉन्ट लागे. तो तिनेच आणून आमच्या घरच्या संगणकावर टाकला होता.

गेल्या वर्षी ती गेली. मग मी ते मेल उघडले. जुना संगणक केव्हाच भंगारात गेलेला. मुलाने मेल नव्या खात्यात आणून ठेवले होते, पण पडद्यावर नुसता कचरा होता: टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, अपूर्णांक, कसल्या कसल्या खुणा. तरी रोज सकाळी मी ते बघत बसायचो. हळूहळू लक्षात आलं, प्रत्येक मेल त्याच खुणांनी सुरू होतो. ते 'अहो' असणार. शेवटची दोन शब्दांची ओळही सगळीकडे सारखीच. ती मात्र ओळखता येईना.

रविवार कारंजाजवळ लग्नपत्रिका छापणारं एक दुकान आहे. तिथल्या बाईंनी माझा पेन ड्राइव्ह लावून पाहिला.

"काका, हा तर आमचाच फॉन्ट! पत्रिका आम्ही अजून ह्याच्यातच करतो."

आणि त्या कचऱ्याची अक्षरं झाली. बाई मोठ्याने वाचू लागल्या, "अहो, सिलिंडर हलवून बघा. तुळशीला पाणी घाला. पुस्तक उशाशी घेऊन दिवा तसाच ठेवू नका. जेवून घ्या." मग माझ्याकडे बघून हसल्या. "मला वाटलं, लव्ह लेटर असेल. काकूंनी तर नुसती कामं लावलीत!"

"तेच ते," मी म्हणालो.

सगळे मेल उघडले, एक सोडून. नाशिकला बदलीची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी तिने तो बाजारातल्या सायबर कॅफेतून पाठवला होता. त्यात नुसती प्रश्नचिन्हं होती, ओळीच्या ओळी.

"ह्याचं काही होणार नाही, काका. खातं बदलताना अक्षरंच गेलीत."

त्या मेलनंतर ती नाशिकलाच होती, त्यामुळे तिने मला पुन्हा कधी लिहिलं नाही. तो मेल मी तेव्हा वाचला असणारच. पण काय होतं, ते आता आठवत नाही. कितीदा तरी आठवून पाहिलं.

शब्दांमधल्या जागा तेवढ्या शाबूत आहेत. बाकीच्या मेलांशेजारी ठेवून बघतो. सुरुवातीला 'अहो'च्या मापाची प्रश्नचिन्हं आहेत, एवढं जुळतं. शेवटी मात्र 'जेवून घ्या' ही दोन शब्दांची ओळ नाही. तिच्या जागी एक लांबलचक ओळ आहे.

तो मेल आला त्या रात्री ती सामान घेऊन कायमची घरी आली. मी जेवायचा थांबलो होतो.