रायफलचं पत्रक
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की नव्वदच्या दशकातलं बहरीन आठवतं, माहूज भागातलं, कंपन्यांना माहितीपत्रकं लिहून देणारं आमचं बिनखिडकीचं ऑफिस आणि टेबलावर सुटी करून ठेवलेली, तसल्याच तेलाचा वास येणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल. ती विकत घेणाऱ्यांसाठी तिचे भाग समजावणारं पत्रक मला सोप्या इंग्रजीत लिहायचं होतं. "साहेब, हत्याराचं मी लिहिणार नाही," मी म्हणालो. पुण्याचे मॅनेजर हसले, "अरे, नावं लिहायचीत, गोळी नाही झाडायची. आई आजारी आहे ना? तुझा पासपोर्ट माझ्या खणात आहे. यल्ला, चल लवकर!" मी लिहिलं: गोळ्या मॅगझिनमध्ये राहतात, बोल्ट एकेक चेंबरमध्ये ढकलतो, ट्रिगर एकदा ओढला की एकच सुटते. "इतकं सोपं लिहायला कुठे शिकलास?" त्यांनी विचारलं. गावाकडे आमच्या वस्तीत अत्याचाराविरुद्धची पत्रकं लिहून शिकलो होतो. ते सांगायची लाज वाटली. पासपोर्ट मिळाला, आई भेटली. आजही सभेचं पत्रक लिहिताना एखादं वाक्य त्या रायफलच्या पत्रकाइतकं सहज उतरलं, की मी ते खोडतो.